उसवण

आधी पाण्याला कळलं.

धुलाईखान्यातल्या तीन नंबरच्या यंत्रातून
पहिल्या घाण्याचं पाणी लाल यायचं.
फरशीच्या कारखान्यांतली माती ती,
भट्टीवाल्यांच्या डगल्यांतून सुटलेली.
एम्पार गास्को त्या लालीवरून वार सांगायची:
सोमवारी फिकी, शुक्रवारी विटेसारखी.
नोव्हेंबरात ते पाणी गुलाबी झालं.
जानेवारीत काच.
नवा सुपरवायझर खूश, म्हणाला, साबण वाचतोय.
एम्पार काही बोलली नाही.
तिचा भाऊ भट्टीवर होता.

तिचं टेबल आतल्या खोलीत, खिडकीशी.
गणवेशांवर नावं शिवायची,
निळ्या कापडावर पांढरा दोरा.
बावीस वर्षं शिवली.
आता उसवते.
डगले भाड्याचे. माणूस जातो, डगला परत येतो,
आणि कधीतरी त्याला दुसरा माणूस मिळेल म्हणून
मालक टाकत नाही.
ब्लेडच्या टोकानं एकेक टाका.
फेर्मिन निघायला सात मिनिटं.
बाउतिस्ताला अकरा.
इनमा पटकन निघाली,
तिचा डगला जेमतेम दोनदा धुतलेला.

विसेंत गाडी घेऊन कास्तेयोनभर फिरतो,
थैल्या गोळा करतो, बातम्याही.
बांधकामवाल्यांच्या थैल्या आधी थांबल्या,
ज्यांच्या तळाशी सिमेंटचे खडे असायचे.
घरंच नाहीत तर फरशी कशावर बसणार,
आणि फरशी नाही तर ट्रक काय वाहणार,
आणि ट्रक नाही तर महामार्गावरच्या खानावळीत
दुपारी दोनला भात कोण मागणार?
खानावळीनं कापडी रुमाल बंद केले. कागदी ठेवले.
मग तेही मागितल्यावरच.
समुद्रकाठच्या हॉटेलांच्या चादरी
घडी न मोडता परत येऊ लागल्या.
बँकेच्या शाखेतलं पायपुसणं आलं,
जवळजवळ कोरं.
ते झटकताना एम्पारला हसू आलं,
का ते तिलाच कळेना.

इस्पितळाचं काम तेवढं वाढलं.
"मरण सोडून सगळ्यात मंदी," विसेंत म्हणाला.
दुसऱ्याच आठवड्यात अंत्यविधीवाल्यांनी
साटीन सोडून सुती कापड घेतलं.
विसेंतनं शब्द मागे घेतले.

या किनाऱ्यावर नारळ होत नाहीत, संत्री होतात.
तरी फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी
धुलाईखान्यातल्या नऊ जणांना नारळ मिळाला.
एम्पार राहिली.
उसवायला कुणीतरी लागतं.

त्याच थैलीत, तळाशी, सेनेनचा डगला होता.

नाव तिनंच शिवलं होतं, घट्ट,
'न' ला एक टाका जास्त घालून.
तिनं तो संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवला.
मग दिवा जवळ ओढला.
दोरा गेला. नाव गेलं नाही.
आजूबाजूचं कापड वर्षानुवर्षं धुऊन विटलेलं,
दोऱ्याखालचं मात्र पहिल्या दिवशीचं निळं.
बोट फिरवलं तर भोकं लागत होती.
खिशात एक पेन्सिल, अर्धी,
आणि संत्र्याची वाळलेली साल.

रविवारी सगळे जेवायला.
सेनेन बायकोच्या शेजारी बसला,
हात धुतलेले, नखांत माती नाही.
भट्टीचं सांगत होता:
कसं परवा तापमान चढेना,
कसा फोरमन ओरडला, मग कसं जमलं.
अजूनही पहाटे पाचला डबा घेऊन निघतो,
त्याची बायको कौतुकानं सांगत होती.
एम्पारनं त्याच्यापुढं पाव सरकवला.

"माझ्या डगल्याची शिवण उसवलीय," तो म्हणाला,
ताटाकडे बघत. "खिशापाशी. तुझ्याकडे येईल."

"आला की बघते," ती म्हणाली.

डगला तिच्या टेबलाच्या खालच्या खणात होता,
इस्त्री केलेला.
तिनं त्याला आणखी थोडा भात वाढला.